पीएच ठीक, ग्रॅव्हिटी ठीक, आणि टाकीतलं सोडियम मेलेलं : ड्युअल अल्कली स्क्रबरचं एक प्रकरण

कारखाना कुठला, कुणाचा हे सांगत नाही. आकडेही सगळे "ताशी ६४ किलो एसओटू (सल्फर डायऑक्साइड) शोषला" या मापावर आणून ठेवलेत, कारण ६४ किलो म्हणजे बरोबर १ किलोमोल (रेणूंच्या संख्येवर रसायन मोजायचं एकक). एक तर त्यामुळे ओळख लपते आणि दुसरं म्हणजे हिशोब तोंडी करता येतो. मी तिथे बाहेरून बोलावलेला प्रोसेसवाला होतो, त्यामुळे सुरुवातीचे चारेक महिने मला लॉगशीटवरूनच कळलेत.

पार्श्वभूमी

कोळशाचा बॉयलर, मागे पॅकिंग (द्रावण पसरवणारे तुकडे) असलेला एफआरपीचा, म्हणजे फायबरग्लासचा टॉवर. हाच स्क्रबर, यात धुरातला एसओटू द्रावणाने धुऊन घेतात. आधी साधं कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) फिरवायचे. एसओटू शोषून झाला की द्रावण ईटीपीला (सांडपाणी शुद्धीकरणाला). ६४ किलो एसओटूला सल्फाइटपर्यंत जायला ८० किलो कॉस्टिक लागतं, आणि ते सगळं सोडियम खारं पाणी होऊन बाहेर जातं. पैसा जातो तो जातोच, वर टीडीएसची (पाण्यात विरघळलेल्या क्षारांची) कटकट. म्हणून त्यांनी ड्युअल अल्कली लावलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टॉवरमधे सोडियम सल्फाइटचं द्रावण एसओटू घेतं आणि बायसल्फाइट बनतं. हे "थकलेलं" द्रावण बाहेर एका रिअ‍ॅक्टरमधे नेऊन त्यात भिजवलेला चुना घालायचा. चुना बायसल्फाइटला परत सल्फाइट करतो आणि स्वतः कॅल्शियम सल्फाइट होऊन खाली बसतो. थिकनरमधे, म्हणजे साका बसवायच्या टाकीत, साका खाली, निवळ वर. निवळ परत टॉवरला, साका फिल्टरवर, केक बाहेर. म्हणजे सोडियम नुसतं हमाल आहे, ओझं टॉवरमधून उचलून चुन्याकडे टाकतं आणि परत जातं. खर्च होतो तो चुन्याचा, ६४ किलोला ७४ किलो शुद्ध भिजवलेला चुना, आणि निघतो सुमारे १२९ किलो कोरडा कॅल्शियम सल्फाइट. केकच्या ओलाव्याबरोबर थोडं सोडियम जातंच, ते सोडा अ‍ॅशने (सोडियम कार्बोनेटने) भरून काढायचं. डिझाइनमधे त्याचा आकडा ५ किलोच्या आसपास होता.

यात सगळ्यात मोठा फायदा म्हणजे टॉवरमधे स्वच्छ द्रावण फिरतं, स्लरी नाही, त्यामुळे स्केल होत नाही. निदान होऊ नये.

अडचण

पहिले तीन महिने मस्त चाललं. मग हळूहळू चार गोष्टी सुरू झाल्या, आणि चारही वेगवेगळ्या माणसांच्या डोक्याला ताप म्हणून चारही वेगवेगळ्या समजल्या गेल्या. बॉयलरवाले म्हणाले चिमणीला एसओटू वाढतोय. ऑपरेटर म्हणाले चुना जास्त खातोय. फिल्टरवरची पोरं म्हणाली केक सुटत नाही, दह्यासारखा लिबलिबीत येतो, कापडाला चिकटतो. आणि स्टोअरवाला म्हणाला सोडा अ‍ॅश कुणी घरी नेतंय का? कारण ५ किलोच्या जागी १७ किलो लागायला लागली होती.

पाचवी गोष्ट थोडी उशिरा आली. टॉवरच्या पॅकिंगवर पांढरी खपली.

गंमत अशी की लॉगशीट बघितली तर सगळं जागेवर. रिअ‍ॅक्टरचा पीएच बरोबर, द्रावणाची ग्रॅव्हिटी (म्हणजे घनता) बरोबर. ते रोज तीन वेळा या दोनच गोष्टी मोजत होते आणि दोन्ही ठीक म्हणजे द्रावण ठीक असं धरून चालले होते.

तर शिफ्ट इनचार्जने जे कुणीही केलं असतं तेच केलं, चुना वाढवला. रिअ‍ॅक्टरचा पीएच ८.५ वरून नेला ११.५ ला. दोन दिवस चिमणी सुधारली, मग परत तेच, आणि केक अजून बिघडला, आणि खपली तर आता जोरातच धरायला लागली. मला बोलावलं तेव्हा हे असं होतं.

नक्की झालं काय होतं

पीएच आणि ग्रॅव्हिटी दोघंही खोटं बोलत नव्हते, पण त्यांना जे विचारलं होतं त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतंच. पीएच सांगतो सल्फाइट आणि बायसल्फाइटचं एकमेकांशी प्रमाण, एकूण किती आहेत ते नाही. ग्रॅव्हिटी सांगते एकूण मीठ किती विरघळलंय, कुठलं मीठ ते नाही. आणि इथे मीठच बदललं होतं. सल्फाइटला ऑक्सिजन लागला की सल्फेट होतं, आणि सोडियम सल्फेट एसओटू घेत नाही. अशा दाट द्रावणात चुनाही त्याला हात लावत नाही, कारण सल्फाइट शिल्लक असेपर्यंत कॅल्शियम आधी त्याच्याबरोबर खाली बसतं आणि द्रावणात जिप्समला (कॅल्शियम सल्फेटला) पुरेल एवढं उरतच नाही. म्हणजे ते सोडियम टाकीत आहे, वजनाला आहे, पण कामाला नाही. आम्ही त्याला मेलेलं सोडियम म्हणायला लागलो.

तरी लॉगशीटमधे एक खूण होती, मागे जाऊन बघितल्यावर दिसली. टॉवरमधे जातानाचा आणि येतानाचा पीएच यातला फरक महिन्यागणिक वाढत होता. आधी येताना ६ च्या वर यायचा, नंतर ५ च्या जवळ. कामाचं सोडियम कमी झालं की तेवढ्याच एसओटूने पीएच जास्त खाली पडणार, साधी गोष्ट आहे. पण ते दोन आकडे दोन वेगळ्या पानांवर लिहिले जात होते.

पहिला निर्णय : मोजायचं काय आणि कसं

मी म्हटलं आधी आयोडीनचं टायट्रेशन (किती आयोडीन खर्च होतं त्यावरून मोजणं) करू, त्यातून सल्फाइट अधिक बायसल्फाइट कळेल, बेरियम क्लोराइडने सल्फेट, आणि फ्लेम फोटोमीटरवर एकूण सोडियम. लॅबने दुसऱ्या दिवशी आकडे दिले आणि ते इतके वाईट होते की माझा विश्वास बसेना, कामाचं सोडियम जवळजवळ नाहीच असं म्हणत होते. तसं असतं तर टॉवर केव्हाच बंद पडला असता.

चूक सॅम्पलमधे होती. ऑपरेटर अर्धी बाटली भरून, झाकण सैल लावून ठेवायचा, ती दोन तासांनी लॅबला पोचायची आणि रस्त्यात हलत हलत तिच्यातलंच सल्फाइट सल्फेट होऊन जायचं. मग पद्धत बदलली. टॉवरजवळच एका फ्लास्कमधे मोजून जास्तीचं आयोडीन, थोडं आम्ल घालून, आणि पिपेटचं टोक द्रावणात बुडवून सॅम्पल सोडायचं. उरलेलं आयोडीन लॅबमधे थायोसल्फेटने मोजायचं. हे केल्यावर आकडा आला, एकूण सोडियमच्या साधारण पाव भाग कामाचं, बाकी सल्फेट. वाईटच, पण पटण्यासारखं. एकूण सोडियम होतं किलोला सुमारे २ मोल.

इथे एक आठवडा गेला आणि मॅनेजमेंट वैतागलं, कारण त्यांच्या दृष्टीने आठवडाभर काहीच "केलं" नव्हतं.

दुसरा निर्णय : ऑक्सिडेशन कुठे होतंय

शोषलेल्या एसओटूपैकी किती सल्फेट होतोय याचा हिशोब द्रावण आणि केक दोन्ही धरून मांडला तर ३८ टक्के निघाला. डिझाइनमधे १२ होता. सगळे म्हणाले बॉयलरचा जादा ऑक्सिजन, दुसरं काय. ते अर्धं खरं होतं. बॉयलरच्या तोंडाशी ६ टक्के ऑक्सिजन आणि स्क्रबरच्या तोंडाशी १० च्या वर, म्हणजे मधल्या डक्टमधे हवा घुसत होती. एक बेलो (डक्टचा लवचिक सांधा) फाटका निघाला.

पण एकाच शिफ्टमधे पाच ठिकाणी टायट्रेशन केलं, टॉवरच्या आत-बाहेर, रिअ‍ॅक्टर, थिकनरची निवळ आणि फिल्टरआधीचा संप (साका साठायचा खड्डा), तर संपात आकडा धाडकन पडला. तिथे गेलो तर संपात कॉम्प्रेस्ड एअरचा पाइप सोडलेला, खदखदा बुडबुडे. विचारलं तर कळलं साका बसून पंप चोक व्हायचा, म्हणून चार महिन्यांपूर्वी रात्रपाळीच्या फिटरने ही एअर लान्स टाकली होती आणि पंप चोक होणं थांबलं होतं. त्याच्या बाजूने बघितलं तर चांगलंच काम केलं होतं. फक्त जगभर लोक कॅल्शियम सल्फाइटचं जिप्सम करायला मुद्दाम हेच करतात, स्लरीत हवा फुंकतात. इथे नकळत झालं. आणि संपातलं पाणी फिल्टरमधून परत द्रावणात येत होतं, सल्फेट घेऊन आणि वर विरघळलेलं कॅल्शियम घेऊन. टॉवरमधल्या खपलीचं अर्धं कोडं इथेच सुटलं.

३८ ची वाटणी साधारण अशी बसली : टॉवरमधे २२, संपात ११, उरलेले ५ रिअ‍ॅक्टरचा ढवळा भोवरा करून हवा ओढत होता तिथे आणि निवळ दोन मीटर वरून टाकीत धबधब्यासारखी पडत होती तिथे.

केकचं दही का झालं

हे वेगळं सांगतो कारण यात चूक आमच्याच उपायाची होती, म्हणजे पीएच वाढवण्याची. चुन्यात मॅग्नेशियम बऱ्यापैकी होतं. ८.५ ला ते द्रावणात विरघळून राहतं, ११.५ ला गेलं की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होऊन जेलीसारखं खाली येतं, आणि ती जेली केकमधलं पाणी सोडत नाही. वर न वापरलेला चुना. केकवर फिनॉल्फ्थॅलीनचा (अल्कलीत गुलाबी होणाऱ्या रसायनाचा) एक थेंब टाकला तर गडद गुलाबी, म्हणजे घातलेल्या चुन्यातला बराचसा तसाच बाहेर चालला होता. केकमधे घन फक्त ४५ टक्के. १२९ किलो घनाबरोबर १५८ किलो द्रावण, त्यात किलोला २ मोल सोडियम, म्हणजे ०.३२ किलोमोल, म्हणजे १७ किलो सोडा अ‍ॅश. स्टोअरवाल्याचा चोर सापडला.

आणि ११.५ पीएचचं द्रावण टॉवरमधे गेलं की ते फ्लू गॅसमधला कार्बन डायऑक्साइडही पिणार. कार्बोनेट आलं की कॅल्शियम कार्बोनेटची खपली. कोड्याचा उरलेला अर्धा भाग.

पर्याय जे टेबलावर होते

द्रावण काढून टाकणं, म्हणजे ब्लोडाउन. हा माझ्या आधीच दोन आठवडे करून झाला होता. सल्फेट उतरतं, पण त्याच्याबरोबर कामाचं सोडियमही जातं, आणि महिन्यात परत तिथेच. शिवाय ज्या खाऱ्या पाण्यासाठी हा सगळा खटाटोप केला तेच पाणी परत ईटीपीला.

डायल्यूट पद्धतीला जाणं. द्रावण पातळ ठेवलं, कामाचं सोडियम कमी ठेवलं की चुना सल्फेटलाही धरतो आणि जिप्सम पाडतो. जिथे ऑक्सिडेशन मुळातच जास्त तिथे हाच मार्ग, जनरल मोटर्सने ओहायोतल्या पार्माच्या कोळसा बॉयलरांवर १९७४ मधे हीच पद्धत लावली होती. पण मग द्रावणात कॅल्शियम जास्त राहतं, ते कार्बोनेटने मऊ करून घ्यावं लागतं, आणि फिरतं पाणी कितीतरी वाढतं. त्यांचा थिकनर आणि पंप पुरले नसते. मला हा पर्याय आवडत होता खरं तर, पण तो नवा प्लांट झाला असता.

सल्फ्युरिक अ‍ॅसिड. थोडा साका बाजूला घेऊन त्यात अ‍ॅसिड घालायचं, कॅल्शियम सल्फाइट विरघळतं, सुटलेलं कॅल्शियम सल्फेटला धरून जिप्सम होतं आणि सोडियम बायसल्फाइट म्हणून सुटतं. केमिस्ट्री सुंदर आहे. पण अ‍ॅसिड विकत घ्यायचं, त्याच्यासाठी वेगळी टाकी, आणि पीएच हुकला की एसओटू तोंडावर.

थायोसल्फेट. गंधकापासून बनतं, ऑक्सिडेशनची साखळी तोडतं, थोडंसं पुरतं. लॅबमधे जारमधे बघितलं, फरक पडला. मी तरी नको म्हटलं, दोन कारणांनी. पंप स्टेनलेसचे, थायोसल्फेटने त्यात पिटिंगची (बारीक खड्डे पडून गंजण्याची) भीती. आणि थायोसल्फेट आयोडीन खातं. नुकतीच ज्या टेस्टने आम्हाला दिसायला लागलं होतं तीच टेस्ट साध्या रूपात निकामी झाली असती, फॉर्मॅलिनने सल्फाइट बांधून वेगळं मोजावं लागलं असतं, आणि ते तीन शिफ्टमधे कोण नीट करणार?

चुन्याऐवजी चुनखडी हाही विषय कुणीतरी काढला, स्वस्त म्हणून. चुनखडी हळू चालते आणि पीएच फार वर नेत नाही. आजारी प्लांटवर हा प्रयोग नको म्हणून बाजूला ठेवला.

राहिलं ते कंटाळवाणं काम : हवा बंद करा, पीएच खाली आणा, केक सुधारा. तेच घेतलं.

काय केलं

एअर लान्स पहिल्या दिवशी काढली आणि संपात सावकाश फिरणारा ढवळा बसेपर्यंत पंपाची रिसर्क्युलेशन लाइन परत संपात सोडून साका हलता ठेवला. निवळीच्या पाइपला खाली द्रावणात बुडेपर्यंत तुकडा जोडला. रिअ‍ॅक्टरच्या ढवळ्याचा वेग कमी केला, बॅफल (भोवरा मोडणाऱ्या पट्ट्या) टाकले. बेलो शटडाउनला बदलला.

पीएच एकदम नाही, चार दिवसांत ११.५ वरून ८.५ ला उतरवला. यावर वाद झाला. ऑपरेटर म्हणाले चुना कमी केला तर चिमणी हाताबाहेर जाईल, आणि त्यांची भीती बरोबर होती कारण टाकीत कामाचं सोडियम पावच होतं. म्हणून एकदाच जास्तीची सोडा अ‍ॅश घातली आणि टॉवरचं फिरतं द्रावण तात्पुरतं वाढवलं. याशिवाय जुनी चुना कालवायची छोटी टाकी पहिला रिअ‍ॅक्टर म्हणून जोडली, दहाएक मिनिटं तिथे, मग मोठ्यात चाळीस. चुना एकदम एका जागी पडला की स्फटिक बारीक येतात, असा दोन टप्प्यात दिला की ते जाड येतात आणि बसतात लवकर. चुनाही बदलला, कमी मॅग्नेशियमचा.

मधे एक गडबड झाली ती लपवत नाही. पॅकिंगची खपली काढायला हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड फिरवलं आणि ते धुऊन निघालेलं पाणी कुणीतरी त्याच संपात सोडलं. संपात सल्फाइटचा साका, वरून अ‍ॅसिड, एसओटूचा लोट उठला. गॅस अलार्म वाजला, माणसं वेळेत बाजूला झाली, कुणाला काही झालं नाही. मी अ‍ॅसिडच्या परवान्यावर "कुठे सोडायचं" हा रकाना भरून घ्यायला हवा होता, नव्हता घेतला. शिवाय तेवढं क्लोराइड कायमचं द्रावणात आलं, त्याच्याशी बांधलेलं सोडियमही मेलेलंच.

तिसरा निर्णय : केक किती धुवायचा

हा भाग मला अजूनही सगळ्यात मजेशीर वाटतो. केक सुधारला, घन ५८ टक्क्यांवर गेले, म्हणजे १२९ किलोबरोबर फक्त ९३ किलो द्रावण. मग फिल्टरवर धुण्याचे स्प्रे चालू केले, सोडा अ‍ॅश ४ किलोपर्यंत उतरली, सगळे खूश. तीन आठवड्यांनी टायट्रेशनमधे सल्फेट परत वर सरकताना दिसलं.

कारण साधं. ऑक्सिडेशन १८ टक्क्यांवर आलं होतं, त्यातलं १४ च्या आसपास सल्फेट कॅल्शियम सल्फाइटच्या स्फटिकातच मिसळून खाली जात होतं. तेवढाच दरवाजा त्याला अधिकृत आहे, आणि तोही द्रावणात सल्फेट जितकं जास्त तितका जास्त उघडतो. उरलेले ४ जाणार कुठून? केकच्या ओलाव्यातून, आणि आम्ही तोच ओलावा धुऊन परत टाकीत आणत होतो. शिवाय धुण्याचं पाणी टॉवरच्या बाष्पीभवनापेक्षा जास्त झाल्याने टाकीची पातळीही चढत होती.

म्हणून स्प्रे जवळजवळ बंद केले, थोडंच धुवायचं ठरलं. सोडा अ‍ॅश परत ८-९ किलोवर गेली. हिशोबही तेच सांगतो : ०.०४ किलोमोल सल्फेट बाहेर जायचं तर त्याच्याबरोबर तेवढंच कामाचं सोडियमही जाणार, कारण द्रावणात दोन्ही निम्मं-निम्मं, मिळून ०.१६ किलोमोल सोडियम, म्हणजे साडेआठ किलो सोडा अ‍ॅश. अकाउंट्सला हे समजावणं केमिस्ट्रीपेक्षा अवघड गेलं. ४ किलो दिसलेले असताना ८ का? कारण ते ४ उधारीचे होते.

परिणाम

अडीच महिन्यांत कामाचं सोडियम पावावरून निम्म्याच्या थोडं वर आलं आणि तिथे थांबलं. चिमणी मर्यादेत आली. नव्याने खपली धरली नाही, जुनी दोन ठिकाणी राहिलीच. फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब आता केकवर फिका पडतो. डिझाइनचे ५ किलो काही आले नाहीत आणि १८ टक्के ऑक्सिडेशनवर येणारही नाहीत.

आज परत करायचं झालं तर

टायट्रेशन पहिल्या दिवसापासून, कमिशनिंगच्या कागदातच, पीएचच्या शेजारच्या रकान्यात. टॉवरच्या आतबाहेरचे पीएच एकाच ओळीत. चुन्याच्या ऑर्डरमधे मॅग्नेशियमची मर्यादा. धुण्याचे स्प्रे मी चालू करायच्या आधीच सल्फेटचा हिशोब मांडायला हवा होता, तीन आठवडे वाया गेले ते माझ्या खात्यात. फिटरला कुणी ओरडू नका एवढं मात्र मी पहिल्याच मीटिंगला सांगितलं होतं, नाहीतर पुढची लान्स लपवून टाकली असती.

एक गोष्ट अर्धवटच आहे. बॉयलर कमी लोडवर चालतो तेव्हा जादा हवेने ऑक्सिडेशन २५ च्या पुढे जातं आणि सल्फेट चढतं. त्यासाठी आत्ता एवढंच ठरलंय, कामाचं सोडियम ४५ टक्क्यांच्या खाली गेलं की केक धुणं पूर्ण बंद, ५५ च्या वर गेलं की परत थोडं चालू. अ‍ॅसिडच्या पर्यायाची फाइल मी फेकलेली नाही.